आईपाशी अडलेल्या कादंबऱ्या

सातपूरच्या कारखान्याच्या गेटवर वडील युनियनची पत्रकं वाटायचे आणि घरी आम्ही सगळे त्यांच्या घड्या घालायचो. मी वाचायला शिकलो तेही पत्रकांवरच. आमच्याकडे पत्रकाचा शेवट मागण्यांनीच व्हायचा. तो तसा झाला नाही, तर वडील ते पुन्हा लिहायला लावत.

विशीत मी त्याच कारखान्यावर कादंबरी लिहायला घेतली. आज पंचेचाळिशीत तशा तीन कादंबऱ्या माळ्यावर अर्धवट पडल्या आहेत. तिन्ही एकाच ठिकाणी अडल्या, जिथे आई येते.

कामगार मला झरझर लिहिता यायचे, कारण त्यांना काय हवंय ते मला पाठ होतं. आईला काय हवं होतं ते मात्र ठाऊकच नव्हतं. मग मी तिच्या तोंडी पाणी, रेशन, पगारवाढ घालायचो. वाचताना ती मलाच खोटी वाटायची आणि लिहिणं थांबायचं. मालकाला, सरकारला जाब विचारणारा मी, स्वयंपाकघरात एकही प्रश्न घेऊन गेलो नव्हतो.

परवा शेवटी विचारलं. आई लसूण सोलत होती.

"आई, आपण पत्रकांच्या घड्या घालायचो, तेव्हा तुला काय पाहिजे होतं गं?"

ती हसली. "आता इचारतो व्हय? तवा लय होतं काय काय. पण तुम्हा बापलेकांचं भाषण कधी संपायचं, अन् मी कवा सांगायचं?"

"मग आता सांग."

तिने बराच वेळ आठवून पाहिलं. "नाय रे, आता नाय आठवत," ती म्हणाली. तिला खरंच आठवत नव्हतं.