पडद्यावरचा माझा फोटो

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. तराजूचा काटा स्वतः बघितल्याशिवाय मी भाजीवाल्यापुढे पिशवी धरत नाही. ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. दोन महिन्यांत काठीच्या आधारानं चालायला लागले, पण वाचा काही परत येईना. डॉक्टर म्हणाले, आता रोज कॉम्प्युटरवर बोलण्याचे व्यायाम करायचे. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की माणसं कंटाळली म्हणून आमची धोंड यंत्राच्या गळ्यात घालताहेत. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत देवीवरही माझा फारसा भरवसा उरला नव्हता. चाळीस वर्षं दर शुक्रवारी न चुकता देवळात गेले, त्याचं हेच फळ का, असं वाटायचं.

व्यायामाची खोली नवीन पनवेलातच, आमच्या घरापासून चार इमारती सोडून. दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडलेले. पडद्यावर चित्र येई, ह्यांनी माइकमध्ये त्याचं नाव सांगायचं. बरोबर असेल तर चित्राभोवती हिरवी चौकट, चुकलं तर लाल. पहिल्या आठवड्यातच गाय, छत्री, आंबा असं मोडकं-तोडकं यायला लागलं आणि हिरव्या चौकटी दिसू लागल्या. मला वाटलं, आपण रोज यावं म्हणून हे यंत्र उगाच खूश करत असणार. एकदा थेरपिस्ट मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या, तेव्हा मी हळूच माइक आपल्याकडे ओढला. पडद्यावर गाय होती. मी म्हटलं, "भोपळा." लाल चौकट. मग म्हटलं, "गाय." हिरवी. यंत्र लबाड नव्हतं. ते पाहून बरं वाटायला हवं होतं, पण मी थोडी खट्टूच झाले.

पुढे मॅडमनी घरच्यांचे फोटो मागून घेतले आणि नावांसकट कॉम्प्युटरमध्ये घातले. मुलाचं नाव आलं, नातीचं आलं, भावाचंही अडखळत आलं. मग माझा फोटो आला. हे पडद्याकडे बघत राहिले, मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले. लाल चौकट. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मॅडम म्हणाल्या, "काकू, कधीकधी जवळचीच नावं उशिरा येतात. मनावर घेऊ नका." पण यंत्र खोटं बोलत नाही, याची खात्री तर मीच करून घेतली होती! म्हणजे हे मला विसरले होते. त्यांना आंघोळ घालणारी, घास भरवणारी मी त्यांच्या लेखी कोण होते? पगारी बाई? एकदा जेवताना न राहवून विचारलं, "अहो, मी कोण?" त्यांनी माझा हात धरला. पण हात तर ते दवाखान्यातल्या नर्सचाही धरायचे. त्या दुपारी मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

त्यानंतरच्या शुक्रवारी देवळात गेले, पण काही मागितलं नाही. "आई, तुला काय करायचं ते कर, माझ्याच्यानं आता होत नाही," एवढंच म्हटलं आणि प्रसादही न घेता निघाले. ती शरणागती नव्हती, चक्क राग होता.

त्याच दिवशी दुपारी शेजारच्या कॉम्प्युटरवर जवळच्या ओवे गावचा एक गृहस्थ हाताचा व्यायाम करत होता. पडद्यावरचे चेंडू पकडायचे, असा तो खेळ. त्याची म्हातारी बहीण सोबत यायची आणि सगळा वेळ आमच्याकडेच टक लावून बघत बसायची. मला ती मुळीच आवडत नसे. लोकांच्या घरात डोकावायची हौस, दुसरं काय! माझ्या फोटोभोवती पुन्हा लाल चौकट आली आणि ती एकदम बोलली, "बाय, तुजा नवरा तुला घरान नावानं हाक मारतो काय?"

मी चिडूनच म्हटलं, "नाही. आमच्यात कोण मारतं? 'अगं' म्हणतात."

"मंग जी हाक कदी मारलीच नाय, ती आता कशी येल? फोटू बगून तुज्याकडंच तं बगतो त्यो! लग्नान नाव घेतला असंल ना? त्यो घ्यायला सांग."

लग्नात मित्रांनी फारच धरल्यावर ह्यांनी एक उखाणा घेतला होता. जन्मात तेवढा एकच. मी सुरुवात केली, "खाचरात पिकतं भात..." ह्यांचे डोळे चमकले. "मिठागरात... पिकतं मीठ," हे म्हणाले, आणि मग न अडखळता माझं नाव, आणि "...चं नाव घेतो, ऐका सगळे नीट!" माझ्या फोटोभोवती हिरवी चौकट आली. मॅडम टाळ्या वाजवत होत्या. मी तोंडाला पदर लावला.

मॅडमनी नंतर सांगितलं, की तालातलं पाठ असलेलं बोलणं मेंदूत बऱ्याचदा शाबूत राहतं, आणि त्यांनी पाणी, भूक, दुखतंय असे शब्दही तालावर बसवून कॉम्प्युटरमध्ये घातले. असेलही तसं. मी त्या म्हातारीचे पाय धरायला गेले, तर ती मागे सरकली. "मी काय केला? मी तं बसून कंटालले व्हते." देवीनं तिला पाठवलं, असं म्हणायला माझी जीभ अजून धजत नाही, संशयी स्वभाव एका दिवसात जात नाही. पण हात टेकल्यावरच वाट दिसली, आणि जिचा मला राग यायचा तिनंच ती दाखवली, एवढं मात्र खरं.

आता ह्यांना ते नाव सोपं झालं आहे. चहा हवा, नाव. चष्मा सापडत नाही, नाव. शेजारणी हसतात, मी लटकंच रागावते. चाळीस वर्षं मी देवीपुढे पदर पसरून काय काय मागितलं, पण ह्यांनी मला एकदा नावानं हाक मारावी, हे मागायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.