तुळशीदासचा डावा दंड

कंपनीची नोटीस महिनाभर फळ्यावर होती. फ्लूची लस घेतल्याची चिठ्ठी दाखवल्याशिवाय वेल्डिंगच्या टेस्टला कोणालाही उभं करणार नाहीत. तुळशीदासने ती रोज वाचली आणि रोज उद्यावर ढकलली. टेस्ट शनिवारी होती. तो शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, शुवैखच्या खोलीवरून बसने जाब्रियाला लस घ्यायला गेला.

वय छप्पन्न, गाव वेंगुर्ल्याजवळ, कुवेतमध्ये सत्तावीस वर्षं. या टेस्टमध्ये पास झाला तर आणखी दोन वर्षांचा करार होता, नापास झाला तर महिनाअखेरीस घरी. दुसरी संधी कंपनी देत नसे. मुलीचं शिक्षण संपायला दोनच वर्षं उरली होती.

औषधाच्या दुकानात मागच्या बाजूला पडदा लावून एक खुर्ची ठेवली होती. तिथली नर्स राजश्री परभणीची. तिने त्याच्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं आणि सरळ मराठीत विचारलं, "काका, कोणत्या हातावर देऊ?"

"डाव्या. उजवा कामाचा आहे."

"सगळे हेच म्हणतात. डावा काय शोभेला ठेवलाय का?"

त्याने डावी बाही वर सरकवली. सुई आत गेली, बाहेर आली.

"दोन दिवस दंड दुखंल," ती म्हणाली. "हात हलवत राहा, नुसता लोंबकळत ठेवू नका."

"उद्या टेस्ट आहे माझी."

"मग आज आलात व्हय? लस लागू पडायला दोन आठवडे लागतात."

"लस कधीही लागू पडूं दे. माका चिठ्ठी आज होयी."

तिने हसून चिठ्ठीवर शिक्का मारला.

चूक त्याला दुपारी कळली. खोलीवर फळीवरचा चहाचा डबा काढायला त्याने डावा हात उचलला आणि तो खांद्याच्या वर थरथरला. आयुष्यभर त्याने कांडीचं वेल्डिंग केलं होतं. त्यात सगळं काम उजवा हात करतो, डावा नुसता आधाराला. पण उद्याची टेस्ट अलीकडेच शिकलेल्या आर्गन वायूच्या वेल्डिंगची होती. तिथे उजव्या हातात धातू वितळवणारा टॉर्च आणि डाव्यात जोडात भरायची तार. तार बोटांनी पुढे सरकवायची, थेंब थेंब. हात हलला की तार टॉर्चच्या टोकाला लागते आणि जोड खराब होतो.

दुखण्याची त्याला तक्रार नव्हती. तो खाटेवर बसला, पिशवीतली तार काढली आणि हात कुठपर्यंत स्थिर राहतो ते तपासलं. कोपर बरगडीला टेकलेलं असलं की बोटं नीट चालत. कोपर वर गेलं की नाही. संध्याकाळपर्यंत तो तार सरकवत राहिला.

शनिवारी त्याने चिठ्ठी दाखवली आणि फोरमन अशरफला सांगितलं, टेस्टचा तिरका पाईप कमरेच्या खाली बांधा.

"तुलसीभाई, इतना नीचे? नीचे का हिस्सा कैसे करोगे, सोके?"

"हां, सोके."

"छप्पन की उमर में नागिन डान्स," अशरफ म्हणाला, पण पाईप खाली बांधला. पाईप एकदा बांधला की शेवटपर्यंत हलवायचा नाही, हा टेस्टचा नियम.

तुळशीदासने जमिनीवर पुठ्ठा टाकला आणि पाठीवर झोपून खालच्या बाजूपासून सुरुवात केली. कोपर बरगडीला. मान अवघडली, घाम डोळ्यांत उतरला, तरी तार सरळ गेली. मग बसून, मग गुडघ्यावर. वरच्या टोकाला, कोपर सुटलं तिथे, तो दोनदा थांबला. एरवी एकदाही थांबला नसता. जे काम उभ्याने तासाभरात होतं त्याला अडीच तास लागले.

सोमवारी जोडाचा एक्स-रे आला. पास.

तुळशीदासने फिल्म उजेडात धरली. जिथे थांबला होता तिथे दोन फिकट डाग होते, नियमात बसणारे.

"पास है भाई," अशरफ म्हणाला. "अब क्या ढूंढ रहे हो?"

"दो टुकडा पाईप मिलेगा?"

दंडाचं दुखणं उतरल्यावर, गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, त्याने तोच जोड पुन्हा केला. पाईप छातीइतका उंच बांधला. मध्ये कुठेही थांबला नाही. मग तुकडा भंगारात टाकला आणि जेवायला गेला.