लोकरीला विटाळ नाही

"हात मागं घे," अक्का म्हणाल्या. मी घेतले.

"नानांना शिवायचं ते सकाळी एकदाच. त्यांच्या आंघोळीआधी. मग दिवसभर शिवायचं नाही. कळलं?"

"जी," मी म्हणालो. माझं हे 'जी' फार गुणी. मला विचारायच्या आत तोंडाबाहेर पडायचं.

धुळ्यातलं घर. नाना म्हणजे निवृत्त मामलेदार. अर्धांगानं आडवे झालेले, अंगानं दीड माणसाचे. अक्का त्यांची बायको. मुलगा रावसाहेब, वकील. रावसाहेबांची कंबर दुखायची आणि त्यांना वास सोसायचा नाही. नानांचं हगणं-मुतणं काढायला, कूस बदलायला माणूस हवा होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला पाठवलं. मी महार. सात वर्षं त्या दवाखान्यात वॉर्डबॉय होतो. तिथल्या सिस्टरबाईंनी माझ्या डोक्यात ठोकून बसवलेलं: खाटेवरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, खाली मऊ धुतलेलं सुती कापड, हात साबणानं धुतलेले. एवढ्या विद्येवर मी महारवाड्यात डॉक्टर म्हणून मिरवत होतो. लोकांच्या नाड्या बघायचो, त्याही करंगळीच्या बाजूला. नाडी लागायची नाही, तरी मान डोलवायचो.

नाना दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्या पाठीवर ओरखडा नव्हता. ती पाठ मी राखली होती. तिथं दवाखान्यात माझे हात चालले. इथं घरात मागं घ्यायचे.

मी सकाळी एकदा उचलायचो, पुसायचो, फिरवायचो. मग अक्का नानांवर पाणी ओतायच्या, गोमूत्र शिंपडायच्या, आणि नाना सोवळ्यात. मी अंगणात उकिडवा. पडवीतली खाट समोर, दहा हातांवर. माणूस दिवसभर उताणा पडलेला, आणि त्याला फिरवायला ठेवलेला माणूस दिवसभर त्याच्याकडे बघत बसलेला.

आठव्या दिवशी माकडहाडावर लिंबाएवढा लाल डाग दिसला. मी रावसाहेबांना सांगितलं.

रावसाहेब सभेत स्वराज्यावर बोलायचे. मी ऐकलं होतं, दूर उभा राहून. चांगलं बोलायचे. मला म्हणाले, "तुझं शास्त्र बरोबर आहे रे. पण घरात अक्कांचं शास्त्र चालतं. तू हुशार आहेस. न शिवता फिरवायची काही युक्ती काढ की."

हुशार म्हणाले. बस्स. मी विरघळलो.

दोन बांबू घेतले. मधे चादर शिवायची, ती नानांच्या खाली सरकवायची, बांबूला दोर बांधून तो आढ्यावरून अंगणात सोडायचा. दोर ओढला की चादरीची एक बाजू वर, आणि नाना कुशीवर. मी अंगणात, नाना पडवीत. स्पर्श नाही.

अक्कांनी चादर बघितली आणि मान हलवली. "सुताला विटाळ लागतो. दोरातून येईल. लोकरीला लागत नाही. घोंगडी लाव, आणि दोरही लोकरीचा वळ."

मला माहीत होतं. लाल झालेल्या पाठीखाली घोंगडी घालायची नसते, हे मला जितकं माहीत होतं तितकं त्या घरात कुणालाच नव्हतं. मी म्हणालो, "जी." आणि धनगराच्या घोंगडीला स्वतःच्या हातानं बांबू शिवले.

यंत्र चाललं. मी मोट ओढल्यासारखा दोर ओढायचो आणि मामलेदार वळायचे. गल्लीतली माणसं बघायला आली. रावसाहेबांनी पक्षकारांना आणून दाखवलं, "बघा, स्पर्शच नाही." एका पाहुण्यानं "वा, शाबास" म्हणून थोपटलं, ते बांबूला. मी इतका खूश होतो की मीच लवून नमस्कार केला.

दोर ओढताना नाना कण्हायचे. मला वाटायचं, सवय नाही म्हणून. सकाळी पुसतानाही घोंगडी खालून काढायची नाही असं अक्कांनी बजावलेलं, त्यामुळे पाठ दिसायची नाही.

पाचव्या दिवशी वास आला. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नानांना वळवलं. घोंगडीला कातडं चिकटून आलं. खाली मूठ जाईल एवढी जखम.

"हे कुणी केलं?"

रावसाहेबांनी अंगणाकडे बोट केलं. "यानं. तुमचा शिकलेला माणूस. शेवटी या लोकांना स्वच्छता कुठून कळणार?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तू? तुला शिकवलं होतं ना?"

अक्का देवघरात गेल्या. रावसाहेब जोड्यांकडे बघत होते. मी बोललो असतो तर सगळं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "जी, चुकलं."

दुपारी घरी गेलो, बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "आतेपावत इटाळ बठ्ठा त्यासना व्हता. आते त्याले दांडा तू लाया. तू माणूस शे का उलथनं?"

विटाळ आजवर सगळा त्यांचा होता, त्याला दांडा मी लावला; मी उलथणं. माझ्या सगळ्या डॉक्टरीला एवढं नेमकं निदान कुणी केलं नव्हतं. त्या घरानं मला हात मागं घ्यायला सांगितलं होतं. यंत्र कुणी मागितलं नव्हतं असं नाही, पण बांधलं मी. त्यांचा सोवळा माणूस सडवायला माझं डोकं वापरलं, आणि नाव लागलं माझ्या जातीला. संतापानं भाकरी तशीच टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी नानांची आंघोळ होऊन गेल्यावर गेलो. मुद्दाम. विळ्यानं दोर कापला. हात साबणानं धुतले, पडवीत चढलो, घोंगडी काढून फेकली, धुतलेलं धोतर अंथरलं. दोन्ही हात नानांच्या पाठीखाली घातले आणि त्यांना कुशीवर केलं.

अक्का धावत आल्या. "अरे मेल्या, सोवळ्यात शिवलास?"

"शिवलो. दिवसातून सहा वेळा शिवणार. चुलीवर उकळलेलं पाणी लागेल. रात्री रावसाहेबांनी फिरवायचं, मी दाखवतो कसं."

रावसाहेब म्हणाले, "धमकी देतोस?"

"काम सांगतोय. मला हेच काम येतं."

नानांनी लांब श्वास सोडला. जीभ जड होती, तरी स्पष्ट म्हणाले, "बरं वाटलं." मला वाटलं, माणूस जागा झाला. पण मी गाढवच. पुढचा शब्द आला, "गोमूत्र आणा."

अक्कांनी शिंपडलं. उघड्या जखमेवरही. नाना ओरडले, ते अजून कानात आहे.

रावसाहेबांनी मला दार दाखवलं. मी सरळ दवाखान्यात गेलो. बाकावर रोगी बसले होते, त्यांच्यासमोर डॉक्टरांना सांगितलं, "काल 'चुकलं' म्हणालो ते अर्धंच होतं. घोंगडी त्यांनी घालायला लावली, आणि माहीत असून मी घातली. दोन्ही लिहून ठेवा." डॉक्टरांनी लिहिलं की नाही, माहीत नाही. बाकावरच्यांनी ऐकलं.

नाना महिन्याभरात गेले, त्याच जखमेनं. कुणी ते बोललं नाही. मी बोलतो.

आता जळगावपासून शिरपूरपर्यंत कुठूनही बोलावणं आलं की आधी उंबऱ्यात विचारतो, रोग्याला हातानं फिरवू द्याल का, चुलीवर पाणी उकळू द्याल का. नाही म्हणाले तर आत पाय टाकत नाही. आणि तिथून गुपचूप परतत नाही. ज्या घरात माझा हात चालत नाही त्या घरात माणूस सडला, तर कुणी सडवला ते मी त्यांच्याच गल्लीत, त्यांचं नाव घेऊन सांगणार.