साडूंची बिअर, माझी जीभ

आमच्या साडूंइतका बिअर जाणणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा नाही, आणि बिअरपायी दुसऱ्याचा इतका छळ करणारा तर पृथ्वीच्या पाठीवर नसेल. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वयाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे, आणि राहायला गारखेड्यातच, आमच्यापासून जरा पुढच्या गल्लीत. म्हणजे मला पळून जायला कुठूनच वाव नाही. शहराबाहेरच्या बिअरच्या कारखान्यात त्यांनी सगळी हयात काढली. लागले तेव्हा बाटल्या धुण्याच्या खात्यात होते, आणि पुढे माल चाखून पास-नापास करणाऱ्यांत त्यांचाच शब्द शेवटचा झाला. टाकीपाशी यायच्या आधीच दारातून ओरडत, "पाणी बदललंय काय रं?" आणि पाणी बदललेलंच असे. ही नाकाची मिजास ते घरीही मिरवत. आमच्याकडे जेवायला आले की चपला काढता काढताच भाजीत हिंग कमी पडल्याचं जाहीर करत, आणि माझी बायको आतून पळी आपटत असे.

मग करोनाची साथ आली, साडू आजारी पडले, बरेही झाले. पण गेलेला वास काही परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. रोज सकाळी लवंग हुंगा, निलगिरी हुंगा, लिंबाची साल हुंगा. साडूंनी हुंगण्यासारखं सगळं हुंगलं. शेवटी कारखान्याने शाल-श्रीफळ देऊन, चार चांगले शब्द बोलून त्यांना वेळेआधीच घरी बसवलं. दुसरा एखादा अशा वेळी कुंड्यांना पाणी घालत बसला असता. साडूंनी दुसऱ्याच आठवड्यात मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "जल्मभर दुसऱ्याच्या नावाची बाटली भरली, साडूभाऊ. आता एक आपली काढायची. हुरड्याच्या वासाची."

मी हसलो. ते हसले नाहीत. साडूंचं गाव शेंद्र्याजवळ. थंडीत त्यांचे वडील शेतात आगटी पेटवायचे; खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव करून त्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची आणि गरम गरम तळहातावर चोळून पोरांच्या ओंजळीत टाकायची. त्या जागी आता कुठल्याशा कंपनीचे ट्रक उभे राहतात. "जागा गेली तर गेली," साडू म्हणाले, "वास डोक्यात व्हता. आता नाकबी गेलं. उद्या डोक्यातनंबी जाईल. त्याच्याआधी बाटलीत घालून बूच मारायचं. मग बघू कुठं जातोय ते." मी नुसती मान हलवली, आणि तोच त्यांनी होकार म्हणून धरला.

बिअर करायची तर चाखायला कुणीतरी हवं. स्वतः साडूंना आता कडू आणि गोड एवढंच कळे; बाकी सगळा अंधार. म्हणून जीभ माझी ठरली. माझी लायकी एवढीच की मी तंबाखू खात नाही आणि बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली आहे. माझं बिअरचं ज्ञान म्हणाल तर मे महिन्यात क्रिकेट बघताना एक बाटली, तीही दात ठणकतील इतकी गार. "तुम्ही बिअर पीतच नाय," साडूंनी निकाल दिला, "तुम्ही बर्फ पिता." आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मागे बसवून मला उत्पादन शुल्काच्या कचेरीत नेलं. आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे, पण तो काढलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता. खिडकीतला कारकूनही मला खालून वर न्याहाळून हळूच म्हणाला, "काका, कुणी पकडलं का तुम्हाला?" पण साडू कायद्याचे पक्के. परवान्याशिवाय थेंब जिभेवर पडू देणार नाहीत. घरी परवाना बायकोने वाचला. त्यात आरोग्य राखण्यासाठी दारू बाळगायची परवानगी आहे, असं काहीसं छापलेलं असतं. "फिरायला जा म्हटलं की गुडघा दुखतो," ती म्हणाली, "आणि आरोग्य राखायला हे!" तिने तो कागद देवघराच्या मागे सरकवला, आणि तो तिथून काढताना मला दर वेळी देवाची माफी मागावी लागते.

याच कायद्यापायी साडू घरात फक्त ज्वारी भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे आणि शिजवायचे. यीस्टला मात्र उंबऱ्याच्या आत मज्जाव. "यीस्ट पडलं की गुन्हा. त्याच्याआधी ती पेज," असं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना न विचारता सांगत. पुढचं काम जालना रोडवरच्या एका हॉटेलात चाले. तिथं स्वतःची बिअर करायचा परवाना होता आणि ती करणारा गडी साडूंच्या हाताखाली शिकलेला होता. त्याने बिचाऱ्याने एक छोटी टाकी गुरूला दिली, आणि त्या दिवसापासून तो आमच्याकडे बघताना मालकाच्या धाकाने एक डोळा दारावर ठेवू लागला.

पहिल्या चाचणीला साडूंनी मला आणि आमच्या धाकट्या साडूंना बसवलं. इथंच त्यांचं चुकलं. आम्ही दोघंही एकाच घरचे जावई. आमच्या सासूबाई स्वभावाने कडक, हाताला मात्र चव बेताचीच. जावयाने ताटात पडेल त्याला छान म्हणावं, हे आम्हाला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतच कळलं होतं. साडूंनी पहिला ग्लास दिला. मी म्हणालो, छान. धाकटे म्हणाले, छान. दुसरा ग्लास, छान. तिसऱ्याला धाकट्यांनी "वा" सुद्धा म्हटलं आणि ओठ पुसले. साडूंनी कपाळावर हात मारून घेतला. तिसऱ्या ग्लासात मुद्दाम उघडी ठेवून उन्हात नासवलेली बिअर होती. "आरं, सासूबाई कवाच्या गेल्या!" ते ओरडले. "आता तरी भिऊ नका की!" त्या दिवसापासून त्यांच्यासमोर 'छान' हा शब्द उच्चारायची मला बंदी झाली. धाकटे साडू सुटले. त्यांना लगेच पित्ताचा त्रास सुरू झाला, आणि तो अजून चालू आहे.

मग जी उलटतपासणी सुरू झाली ती कोर्टातही होत नसेल. आंबट म्हटलं की कसलं आंबट? कैरीचं, चिंचेचं का ताकाचं? ताकाचं म्हटलं, तर सकाळच्या का रात्रीच्या? मी चिडून म्हणे, "मला काय ठाऊक! ताक ते ताक!" त्यावर साडू शांतपणे, "मग घरी जाऊन पिऊन या," असं सांगत, आणि मी खरंच जाऊन पिऊन येई. ते रुमालाच्या गाठोड्यात काहीबाही बांधून आणत आणि डोळे मिटून ओळखायला लावत: धने, भिजलेलं पोतं, जुना दोर, कडब्याची पेंडी. या शिक्षणाने माझी पार वाट लागली. गुलमंडीत बायकोबरोबर साड्या घ्यायला गेलो असताना दुकानदाराने पुढे टाकलेली साडी मी नकळत नाकाला लावली आणि म्हणालो, "खळ ताजी आहे, पण गोदामात ओल दिसते." दुकानदाराने साडी काढून घेतली. परत येताना बायको रिक्षात पार दुसऱ्या टोकाला सरकून बसली.

नावाचा घोळ निराळाच. शहराचं जुनं नाव घालावं तर अर्धं गाव रुसणार, आणि नवं नाव बाटलीवर घालायचं तर मनातही आणू नये. लेण्यांची नावं नकोत, किल्ल्याचं नको, देवाचं तर नकोच नको. घरातली सगळी मंडळी दिवाणखान्यात बसून भांडत होती. शेवटी चहाचा ट्रे आदळत ताई, म्हणजे साडूंच्या सौ., म्हणाल्या, "आगटीच म्हणा की! नाहीतरी माझ्या घराची तीच करून ठेवलीय." साडूंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. नाव ठरलं. लेबलावर चित्रकाराने काढलेलं कणीस बघून त्याच ताई म्हणाल्या, "झाडू विकताय का?" आणि ते पुन्हा काढावं लागलं.

हुरड्याचा वास मात्र उतरेना. भाजून वाळवलेला हुरडा मोड आणून भरडलेल्या ज्वारीबरोबर शिजवून पाहिला, कमी घातला, जास्त घातला. हिवाळा सरत आला. एके दुपारी हॉटेलात मी ग्लास हुंगला, घोट घेतला आणि जिभेवर फिरवला. एव्हाना मी इतका वैतागलो होतो की काहीही सांगून सुटका करून घेतली असती. पण तोंडून भलतंच निघालं. "हुरडा आहे," मी म्हणालो, "पण गॅसवरचा आहे. आगटीचा नाही." साडू माझ्याकडे बघतच राहिले. हुरडा खरंच हॉटेलच्या भट्टीत, गॅसवर भाजला होता, आणि हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. भर हॉटेलात त्यांनी मला मिठी मारली. "तयार झालात की वो," ते म्हणत राहिले, "लई वेळ लावला, पण तयार झालात." खोटं कशाला सांगू, बँकेतल्या बढतीचा मला इतका आनंद झाला नव्हता.

त्या आनंदाचं प्रायश्चित्त लगेच घडलं. उरलासुरला हुरडा संपायच्या आत भाजायला हवा म्हणून दुसऱ्याच दिवशी साडूंनी गच्चीवर घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या. धूर सगळ्या गल्लीत पसरला. वाळत घातलेले कपडे लोकांना पुन्हा धुवावे लागले, आणि कुणीतरी अग्निशमन दलाला फोन केला. जवान शिडी घेऊन वर आले ते मूठ मूठ हुरडा खाऊन खाली उतरले. पुढे शहराबाहेरच्या एका छोट्या कारखान्याने पहिला मोठा घाणा काढून द्यायचं कबूल केलं. मालक साडूंना पुन्हा पुन्हा विचारत होता, "काका, गोवऱ्यांचा धूर लेबलवर काय म्हणून लिहू?" साडू म्हणाले, "काही लिवू नका. ज्याला कळायचं त्याला कळतंय."

बाजारात येण्याचा दिवस शेवटी उगवला. शेंद्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका परमिट रूमवाल्याने ओळखीखातर आगटीच्या चार पेट्या ठेवून घेतल्या. संध्याकाळी साडू आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसलो. साडूंनी लिंबू सोडा मागवला. पाळी सुटल्यावर कंपनीतली पोरं आली. नवीन नाव दिसलं म्हणून एका टेबलाने दोन बाटल्या घेतल्या. एकाने घोट घेतला आणि वेटरला हाक मारली, "दादा, बर्फ आणा की." दुसरा म्हणाला, "याच्यात स्ट्राँग नाय का?" मी रागाने उठायलाच लागलो होतो. हुरडा, गोवऱ्या, एवढा उन्हाळा-हिवाळा, आणि हे गाढव त्यात बर्फ टाकतंय! साडूंनी हात धरून मला खाली बसवलं. त्या टेबलाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी आमच्यासाठी एक बाटली फोडायला लावली, ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "हाय का?"

मी ग्लास हुंगला आणि सांगू लागलो. आधी गोवरीचा धूर, म्हटलं, अंगाला बिलगणारा. मग विस्तवात खुपसलेल्या कणसाचा वास, वरचं टोक जरा करपलेलं. मग तळहातावर चोळताना दाण्यातून सुटणारी गरम वाफ, दुधाळ, हिरवट. कोंडा फुंकरीने उडतोय. पायाखाली रान ओलं आहे, दंव अजून वाळलेलं नाही. मी कधी शेंद्र्याच्या आगटीवर बसलो नव्हतो. तरी सांगताना मला पुढचं पुढचं दिसत गेलं. साडूंनी डोळे मिटले होते. त्यांनी माझ्यासमोरचा ग्लास उचलून स्वतःच्या नाकाशी धरला आणि दीर्घ श्वास घेतला.

मी बोलतच होतो. त्यांनी दुसरा हात वर केला.

"बास," ते म्हणाले. "आता बोलू नका. जरा वेळ राहू द्या."

मी थांबलो. शेजारच्या टेबलावर हशा चालला होता, बाहेरून ट्रक जात होते. साडू डोळे मिटून, ग्लास तसाच धरून बसले होते, आणि मिटलेल्या पापण्यांतून पाणी येत होतं ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. या माणसाने माझं म्हातारपण नासवलं असं मी गल्लीभर सांगत फिरलो होतो. पण त्या वेळी देता येत असतं, तर मी माझं नाक तिथल्या तिथे काढून त्यांना देऊन टाकलं असतं. त्या संध्याकाळी त्यांना खरंच काही वास आला का, की नुसतं माझं बोलणंच त्यांनी श्वासाबरोबर आत घेतलं, हे मला आजवर कळलेलं नाही. रोज भेटतो, रोज भांडतो, पण ते विचारायचा धीर मला होत नाही.