विजोड पायांचं दुकान

माझ्या धाकट्या जावेचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन नंबरांनी लहान आहे. सरळ लिहून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट कधी कुणी सरळ बोललं नाही. लहानपणीच्या कसल्याशा तापानंतर तो पाय वाढायचा थांबला, एवढंच. पण फोटो काढायचा म्हटलं की ही बाई खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहणार. अख्ख्या कुटुंबाच्या आल्बममध्ये हिचे पाय असलेला एक फोटो सापडायचा नाही.

तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, चपला-बूट शिवतो. दोघांची गाठ त्याच्या दुकानातच पडली. तोवर ती दरवेळी वेगवेगळ्या मापांचे दोन जोड विकत घ्यायची आणि दोन्हींतली एकेक चप्पल फेकून द्यायची. भाऊजींनी एकदा तिचे पाय मोजले, पट्टी गुंडाळली आणि म्हणाले, "थोरला भाऊ आणि धाकटी बहीण आहेत. एकाच पिशवीत घालून देतो." एरवी तोंडाला कुलूप असलेला हा माणूस तेवढंच बोलला आणि तेवढ्यावर लग्न जमलं. नातेवाइकांनी जोडप्याला विजोड ठरवलं. ती टेलिफोन ऑफिसात कामाला होती, तिचा आवाज तीन खोल्या ओलांडून जायचा. याचा आवाज समोरच्यालाही मागून घ्यावा लागायचा.

पुढे लोक चपला शिवून घ्यायचे थांबले. भाऊजींनी बाजारातलं दुकान बंद केलं, मशीन घराच्या मागच्या खोलीत आणलं आणि त्यावर चादर टाकली. मग स्वतःही चादर टाकल्यासारखेच बसून राहिले. दाढी वाढली. हाक मारली तर जेवायला यायचे, नाही मारली तर नाही. धाकटी मला म्हणाली, "ताई, भांडून बघितलं, रडून बघितलं. आता दुकान काढून बघते."

तिने ऑनलाइन बाजारात दुकान काढलं. ज्यांचे दोन पाय दोन मापांचे, त्यांच्यासाठी चपला. नाव ठेवलं 'विजोड'. "लोकांनी फुकट दिलेलं नाव आहे, वाया कशाला घालवू?" पण त्या बाजाराचा साचा असा की एका जोडाला एकच माप. दुसऱ्या पायाचं माप गिऱ्हाइकाने वेगळा निरोप लिहून कळवायचं. कोण एवढे कष्ट घेणार? बघायचे आणि निघून जायचे.

मग बाजारवाल्यांनी काही छोट्या दुकानदारांना नव्या बांधणीचं दुकान वापरायला दिलं. वर मोठा फोटो, व्हिडिओला जागा, आणि धाकटी ज्याची वाट बघत होती ती सोय: डाव्या-उजव्याचं माप वेगवेगळं निवडता येणार. माल फार परत आला तर मात्र दुकान पुन्हा जुन्या साच्यात, हे त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. धाकटीने लगेच भाऊजींना बसवलं, चपला टेबलावर मांडल्या, फोटो काढले, फोटोवर बोट ठेवून कुठला डावा, कुठला उजवा ते लिहिलं.

मागणी येऊ लागली. मशीनवरची चादर धुऊन कपाटात गेली. एका सकाळी मी गेले तर भाऊजी गुळगुळीत दाढी करून तळ कापत बसलेले, आणि चक्क शीळ घालत होते. मी काही बोलले नाही. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की पळून जातात.

आणि मग चपला परत यायला लागल्या. आधी एका बसचालकाच्या, मग एका नर्सच्या, मग आणखी. भाऊजींनी प्रत्येक जोड मागणीशी ताडून पाहिला. मापं बरोबर. पुन्हा मोजली, पुन्हा बरोबर. पट्टी खाली ठेवून ते म्हणाले, "वहिनी, माझी नजर गेली. मला दिसतंय एक आणि हात करतोय दुसरंच." उठले, कपाटातली चादर काढली आणि मशीनवर घातली.

धाकटीने ती चादर पाहिली आणि थेट नर्सला स्पीकरवर फोन लावला. आवाज नेहमीसारखाच, शेजारच्या खोलीत मलाही ऐकू येईल असा.

"बाई, नेमकं होतंय काय ते सांगा."

"डाव्यात पाय पोहतोय आणि उजव्यात शिरत नाहीये. माझा डावा लहान आहे, तुम्ही उजवी लहान पाठवलीत."

"तुम्ही उजवा लहान भरलात हो."

"मी लिहिलेलं कुठे वाचलं? फोटोतली डावी चप्पल बघितली आणि तिच्यापुढे माप भरलं. तुम्हीच डावीला उजवी लिहिलंय. चपला विकता ना तुम्ही?"

धाकटी फोन ठेवून मागच्या खोलीत गेली. मीही गेले, असं काही चुकवायची मला सवय नाही.

"अहो, फोटो काढताना मी विचारलं, डावा कुठला. तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, माझ्या डाव्या हाताचा."

"'माझ्या' म्हणालात?"

"मग काय शेजाऱ्याच्या?"

चपला मांडायची भाऊजींची दुकानातली शिस्त: पुढचा भाग गिऱ्हाइकाकडे. ते टाचांच्या बाजूला बसलेले, ही समोर फोन घेऊन उभी. त्यांच्या डाव्या हाताची चप्पल हिच्या फोटोत उजवीकडे. त्यांच्या त्या पुटपुटण्यातलं 'माझ्या' हिला ऐकूच आलं नव्हतं. नुसतं 'डाव्या हाताचा' ऐकून हिने फोटोतल्या डावीकडच्या चपलेला डावी लिहून टाकलं होतं.

"म्हणजे नजर ठीक आहे माझी," भाऊजी म्हणाले.

"नजर ठीक आहे. आवाज दुरुस्तीला टाकायला हवा."

त्यांनी चादर काढली आणि नर्सच्या मापाचा नवा तळ कापायला घेतला. मी म्हटलं, "आता नावांची अदलाबदल कर आणि मोकळी हो."

"नाही ताई. लोक वाचत नाहीत, बघतात. आपले पाय आपल्याला वरून जसे दिसतात तसे दाखवायला हवेत. वर व्हिडिओची जागा रिकामीच आहे."

"मग भाऊजींचे पाय घे."

"त्यांचे सारखे आहेत. सारख्या पायांत लोकांना काय कळणार?"

भाऊजींची सुरी थांबली. ते म्हणाले, "नको. नावं बदलली की पुरे."

"पुरे नाही," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसून मोजे काढायला लागली. आधी मोठ्या पायाचा. दुसऱ्याला वेळ लागला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. भोचक असले तरी एवढं मला कळतं.

तिने फोन वरून खाली धरला. भाऊजी जमिनीवर बसले, तिचा डावा पाय तळहातावर घेतला आणि चप्पल चढवली.

"अहो, डोकं मध्ये येतंय."

"मग पुन्हा काढ."

"सगळं टक्कल आलंय." तिने चित्रण दोनदा पाहिलं. "असू दे. छान दिसतंय."

ते तसंच दुकानाच्या माथ्यावर लावलं. ज्यांच्या चपला परत आल्या होत्या त्यांना नवे जोड गेले, बाजारवाल्यांना धाकटीने झालेली चूक स्वच्छ लिहून कळवली, आणि त्यांनी नवं दुकान तिच्याकडे राहू दिलं. लोक आता मापं बरोबर भरतात. बसचालकाने तर स्वतःच्या पायांचा फोटोही पाठवला, दोन्ही अंगठे ऐटीत वर केलेले.

परवा एका बाईने व्हिडिओखाली प्रश्न टाकला: चपला घालून देणारा माणूसही मिळेल का?

धाकटी मोठ्याने हसली. मशीनवरून भाऊजींनी विचारलं, "काय झालं?"

"एका मालाची चौकशी आहे."

"आहे का आपल्याकडे?"

"आहे," ती म्हणाली, "पण द्यायचा नाहीये."