एकशेवीस-ऐंशी आणि पहिली पसंती

नर्सिंगच्या प्रवेशअर्जात कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. नको म्हटलं की पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. ही अट मी त्या आठवड्यात इतक्या वेळा वाचली की ती मला पाठ झाली. अर्ज शनिवारी संध्याकाळी बंद होणार होता. त्याशिवाय पप्पांची एक वेगळी अट होती. "हे एकदाच. चुकलं तं परत नवीन खूळ नाय."

त्यांचं बरोबरच होतं. मी चोवीस वर्षांची होते आणि सातपूरच्या एमआयडीसीत चांगल्या कंपनीत नोकरी करत होते. घरी मखमलाबादच्या पुढे आमची गुलाबाची आणि शेवंतीची शेती. पिढ्यानपिढ्या फुलं विकणाऱ्या घरात एसी लॅबमध्ये बसून काम करणारी मी पहिलीच. ते सोडून मला पुन्हा पहिल्या वर्षाला बसायचं होतं. नातेवाइकांचा आक्षेप मात्र वेगळाच होता. "ही तर बोलतच नाही. पेशंटला काय खुणा करून सांगणार?"

मी बोलत नाही हे खरं आहे. शाळेत मराठी बोललं की बाई वर्गाबाहेर उभं करायच्या आणि घरी इंग्रजी शब्द तोंडातून निघाला की चुलतभाऊ आठवडाभर नक्कल करायचे. या दोन्हींच्या मधे गप्प बसणं सगळ्यात सोयीचं होतं. गप्प बसणाऱ्या माणसाला दिसतं मात्र खूप.

कंपनीत माझं काम तपासणीचं होतं. दर दोन तासांनी तापमान, आर्द्रता, दाब बघायचे आणि तक्त्यात लिहायचे. सहा महिन्यांत मला खरं रीडिंग आणि बसल्या जागी भरलेलं रीडिंग यांतला फरक लांबून कळायला लागला. बसल्या जागी भरलेल्या आकड्यांची शाई एकसारखी असते, अक्षराचा उतारही एकसारखा असतो आणि कुठे खाडाखोड नसते. आकडे फार शहाण्यासारखे वागतात. मी खरे आकडे लिहायचे, पण तेही कुणी वाचत नव्हतं. मग मम्मीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि मी आठ दिवस तिच्याजवळ हॉस्पिटलात राहिले. तिथे सिस्टरने चार्टवर एक आकडा लिहिला, क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि लगेच सलाईनचा वेग कमी केला. आकडा लिहिल्यावर काहीतरी घडतं, हे मला नवीन होतं. मी घरी येऊन प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला.

मंगळवारी मी आणि पप्पा हायवेवरचं कॉलेज बघायला गेलो. पप्पांच्या मते निवड तिथेच संपली होती. घरासमोरून बस, पूर्ण काचेची इमारत आणि गेटवर सलाम करणारा वॉचमन. प्रवेश विभागाच्या सरांनी आम्हाला सरबत दिलं आणि पप्पांना सतत 'सर' म्हटलं. फूलबाजारात पप्पांना कुणी सर म्हणत नाही.

प्रॅक्टिकलच्या हॉलमध्ये पलंगावर एक पुतळा झोपवलेला होता. त्याच्या गाऊनच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. पप्पा त्याच्या उशाशी वाकून म्हणाले, "काय पाव्हणं, बरंय का?" सर फार मोठ्याने हसले. मग त्यांनी एका विद्यार्थिनीला बोलावलं. "पप्पांचं बीपी घ्या बरं."

तिने पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच बांधला. फुगवला आणि हवा सोडली. काटा सर्रकन खाली आला. मुलीने आधी सरांकडे बघितलं आणि मग म्हणाली, "एकशेवीस-ऐंशी."

"एकदम फर्स्ट क्लास, सर! पंचविशीतलं बीपी आहे तुमचं," सर म्हणाले.

टेबलावर विद्यार्थिनींची केस-बुकं मांडून ठेवली होती. पप्पा सरांशी बोलत होते तेवढ्यात मी एक चाळलं. पंधरा पेशंट, पंधरा वेगवेगळे आजार. बीपी मात्र सगळ्यांचं एकशेवीस-ऐंशी. एकच शाई, एकच उतार.

परत येताना पप्पा खुशीत होते. "पंचविशीतलं म्हंती! तुझ्या मम्मीला सांग." मी केस-बुकाबद्दल काही बोलले नाही. मला खात्री नव्हती. शिवाय त्यांचा तो आनंद मोडायला जीव होईना.

यादीत दुसरं एक कॉलेज होतं. गावात, म्हणजे जुन्या नाशकात, एका ट्रस्टच्या हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर. त्याची वेबसाइट धड उघडत नव्हती. गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकून मी एकटीच गेले. आधी समोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली, कारण आत जायचं धैर्य होईना. शेवटी गेले, तर दारात वॉचमनने अडवलं.

"पेशंट का नातेवाईक?"

'मला कॉलेज बघायचंय' हे वाक्य मी रिक्षात तीनदा घोकलं होतं. तोंडातून आलं, "पेशंट."

"नवीन का जुना?"

"नवीन."

"तिकडं केसपेपर काढा."

खिडकीतल्या बाईंनी काय त्रास होतो असं विचारलं. मी पोटात दुखतंय म्हटलं. त्यांनी लिहिलं आणि मी केसपेपर हातात घेऊन बाकावर बसले. आता उठून पळावं की काय, असा विचार करत होते. शेजारी सायखेड्याच्या एक आजी होत्या. त्यांना गप्प बसलेलं माणूस बघवत नसावं.

"तुला काय झालंय गं? धडधाकट तं दिसती."

"पोटात दुखतंय."

"लगीन झालंय का?"

"नाही."

"मंग काय खाल्लं व्हतं?"

"मिसळ."

"आत्ता बोलली! तर्री घेतली आसंल वरून."

तर्री मी खरंच वरून मागून घेतली होती. आजींनी ही बातमी पलीकडच्या दोन बायकांनाही दिली.

डॉक्टरांच्या आधी एका टेबलाशी नर्सिंगच्या विद्यार्थिनी बीपी आणि नाडी बघत होत्या. आधी आजींचा नंबर लागला. तिथली मुलगी माझ्याहून लहानच असेल. तिने आजींची बाही दंडापर्यंत सारली, हात टेबलावर नीट टेकवला आणि विचारलं, "गुडघा कसा दुखतो, आजी? ठणकतो का चमक मारते?"

"बसली का ठणकतो, उठली का चमकतो."

मुलीने दोन्ही लिहून घेतलं. माझ्या इंग्रजी शाळेने मला वेदनेसाठी 'पेन' हा एकच शब्द शिकवला होता.

मग मी बसले. तिने पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानाला लावला आणि काटा सावकाश खाली येऊ दिला. तिच्या कपाळावर आठी आली. "एकशेबेचाळीस-ब्याण्णव. नाडी एकशेआठ. ताई, धावत आलात का?"

"नाही."

"कशाची भीती वाटतेय का?"

मी मान हलवली. त्यातून हो की नाही, काही कळलं नसणार.

"दहा मिनिटं शांत बसा. पाय जमिनीला टेकवा आणि बोलू नका. परत घेते."

बोलू नका हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. दहा मिनिटांनी ती खरंच उठून माझ्याकडे आली. आता एकशेचौतीस-शहाऐंशी. तिने तो आकडा पहिल्याच्या खाली वेळेसकट लिहिला. पहिला तसाच ठेवला. मी केसपेपर मागितला आणि म्हटलं, "मी जाते. बरं वाटतंय आता."

"असं कसं जाता? बीपी अजून थोडं वरच आहे. डॉक्टरांना दाखवूनच जायचं," असं म्हणून तिने मागे हाक मारली, "मॅडम, जरा येता का?"

तिच्या शिक्षिका आल्या. बुटक्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी दोन्ही आकडे बघितले आणि माझ्याकडे बघितलं. "काय होतंय तुम्हाला?"

"काहीच नाही. मला कॉलेज बघायचं होतं."

मुलीने तोंडावर हात घेतला. "मॅडम, या पेशंटच नाहीत!"

"मंग मिसळ?" आजींनी बाकावरून विचारलं.

"मिसळ खरी होती," मी म्हणाले. सगळी ओपीडी हसली. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"इथे चाळीस माणसं थांबलीत. या मुलीची वीस मिनिटं गेली तुमच्यावर. पेशंट खोटं बोलतात, त्यांचं चालतं. तुम्हाला टेबलाच्या या बाजूला यायचंय ना? मग ही सवय मोडा."

कान गरम झाले माझे. मग त्यांनी केसपेपर घेतला. मला वाटलं, फाडून टाकतील. त्यांनी 'पोटदुखी'वर एकच सरळ रेघ मारली, खालचं अक्षर वाचता येईल अशी. बाजूला 'तक्रार नाही' असं लिहून सही केली आणि वेळ टाकली. बीपीच्या आकड्यांना हात लावला नाही. तपासणीच्या कामात चूक अशीच दुरुस्त करायची असते. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण कंपनीत कुणी तसं करायचं नाही. पानच बदलून टाकायचे.

"उद्या वडिलांना घेऊन या. दाखवते कॉलेज," त्या म्हणाल्या. "आणि सरळ दारातून या."

पप्पा शुक्रवारी आले ते मुख्यतः कॉलेज किती वाईट आहे हे बघायला. आधी पार्किंग मिळेना. मग लिफ्ट नाही हे कळलं. चार मजले चढल्यावर ते वर्गातल्या बाकावर टेकले आणि म्हणाले, "कॉलेज हे का सप्तशृंगीचा गड?"

मॅडमनी त्यांचा चेहरा बघितला आणि कालच्याच मुलीला बोलावलं. तिने लगेच पट्टा बांधला नाही. पंधरा मिनिटं बसवून ठेवलं. पप्पांना वाटलं, मशीन यायचंय. मग तिने बीपी घेतलं.

"एकशेछप्पन्न-अठ्ठ्याण्णव, काका."

"तुमचं मशीन बिघडलंय. मंगळवारी एकशेवीस-ऐंशी भरलं व्हतं."

"कुठे घेतलं होतं?"

पप्पांनी काचेच्या कॉलेजचं नाव अभिमानाने सांगितलं. मुलगी फक्त म्हणाली, "दुसऱ्या हातावर बघू." दुसऱ्या हातावर एकशेबावन्न-शहाण्णव आलं.

"बघा, कमी झालं," पप्पा म्हणाले. "आता एकशेचाळीस लिहून टाका ना, ताई. तुमचं बी नाय, माझं बी नाय."

"काका, हा बाजार नाहीये."

पप्पांना असा भाव कुणी नाकारलेला मी तरी बघितला नव्हता. खाली डॉक्टरांनी त्यांना मीठ कमी करायला, चालायला आणि आठवड्याने पुन्हा यायला सांगितलं. तेव्हाही बीपी असंच निघालं तर गोळी सुरू करू म्हणाले. परतीच्या वाटेवर पप्पा मखमलाबाद येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आमच्या घरात हे काम माझं.

शनिवारी दुपारी मी ओट्यावर फोन घेऊन बसले. ओटीपी पप्पांच्या मोबाइलवर येणार होता, म्हणून ते समोर. मम्मी गुलाबाच्या जुड्या बांधत होती. मी पहिल्या क्रमांकावर गावातलं कॉलेज टाकलं. कुणाला न विचारता.

"कोणतं टाकलं एक नंबरला?" पप्पांनी विचारलं.

"गावातलं."

"त्या खडूस पोरींचं? हायवेचं काय वाईट हे? बिल्डिंग बघ, बस बघ. ती माणसं किती गोड बोलली आपल्याशी."

मग मी सांगितलं. केस-बुकातले पंधरा पेशंट, काटा कसा पडला, त्या मुलीने आकडा सांगायच्या आधी कुणाकडे बघितलं, सगळं. मंगळवारपासून साठवलेलं एका दमात बाहेर आलं. पप्पांच्या आधी बोलली ती मम्मी, जुडीची गाठ दाताने ओढत.

"हायवेचंच टाक बाई. तिथं शिकलीस तं घरबसल्या रोज बीपी घेशील आन् ह्यांचं मरेस्तोवर एकशेवीस-ऐंशीच राहील."

पप्पांनी तिच्याकडे रागाने बघितलं. मग खिशातून चष्मा काढला. "चार मजले रोज चढशील?"

"हो."

"उद्या म्हणशील, पाय दुखत्यात."

"म्हणेन. पण चढेन."

त्यांनी चष्मा लावून मोबाइल डोळ्यांजवळ धरला. मग ओटीपीचा एकेक आकडा वाचून दाखवायला लागले. घाईने नाही, मधे थांबून, मी नीट टाकतेय ना हे बघत.

पहिल्याच फेरीत ते कॉलेज मिळालं. पहिल्या महिन्यात आम्हाला एकमेकींचं बीपी घ्यायला शिकवलं. माझा नंबर आला तेव्हा तीस मुली बघत होत्या आणि मॅडम चष्मा कपाळावर चढवून शेजारी उभ्या होत्या. मी पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानाला लावला, हवा भरली, काटा हळूहळू सोडला. माझ्याच हृदयाची धडधड कानात इतकी होती की दुसरा आवाज येईना. काटा शून्यावर आला. सगळ्या वाट बघत होत्या. एक ठरावीक आकडा जिभेवर तयार होता.

"मॅडम, मला ऐकूच आलं नाही," मी म्हणाले. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"मग परत घे," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.