हमिंगबर्डची झोप

शुक्रवारी दुपारी जेवून माझा नवरा झोपला आणि उठला नाही. संध्याकाळी त्याला अ‍ॅम्ब्युलन्समधून नेलं.

आमचं घर आखातात, अझैब्यात. आमची एकच मुलगी, आठ वर्षांची. तिला मी सांगितलं की बाबा झोपेतच गेला. तिने पुढे काही विचारलं नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

मुंबईला अंत्यसंस्कार करून आम्ही परतलो. तिच्याशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी तिला वाचून दाखवू लागले. एका पुस्तकात दक्षिण अमेरिकेतल्या उंच डोंगरांवरचा, ढगांत बुडालेल्या जंगलातला हमिंगबर्ड होता. अंगठ्याएवढा. तिथल्या थंडीत रात्रभर ऊब टिकवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून तो अंग गार पडू देतो. काळजाचे ठोके अगदी मंदावतात. हातात घेतला तर मेलेलाच वाटावा. सकाळी तो थरथरत पुन्हा तापतो आणि उडून जातो. मी घाईने वाचत होते. तिने मला पान उलटू दिलं नाही.

जूनमधल्या एका दुपारी मला घामाने जाग आली. एसी बंद होता आणि माझ्या अंगावर दोन रजया होत्या. मुलगी पायाशी बसून माझे तळवे चोळत होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, ओठ सुकले होते. मी तिला उचलून बाथरूममध्ये धावले, पण नळाला टाकीचं कढत पाणी. शेवटी फ्रीजमधली बाटली तिच्या मानेवर ओतली.

"तू कोल्ड झाली होतीस," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "आई, बाबाला सकाळपर्यंत का नाही थांबू दिलं?"

डॉक्टरांनी तपासलं होतं, मी स्वतः शेजारी उभी होते. तरीही क्षणभर वाटलं, आपण घाई तर केली नाही?

"बाबा झोपला नव्हता," मी म्हणाले. "तो मेला. सकाळ झाली असती तरी उठला नसता."

तिने माझा हात चाचपून पाहिला. "आणि तू?"

मी उठेन, असं सांगितलं. तिने प्रॉमिस मागितलं. ते काही माझ्या तोंडून निघेना.

आता दुपारी आमच्याकडे एसी चालू असतो. आम्ही दोघी शेजारी शेजारी पडतो, आणि कुणालाच झोप लागत नाही.